अर्थ, स्वार्थ आणि परार्थ

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी देणगीदार, कर्मचारीवर्ग आणि वाणिज्य शाखेचे निमंत्रित विद्यार्थी यांच्यासमोर रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी येथे वैद्यकीय विषयावर बोलणाऱ्या विद्वानांची परंपरा आहे. या वर्षी विश्वस्त मंडळाने ती जबाबदारी माझ्यासारख्या हिशेबात रमणाऱ्या माणसावर सोपवली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. शरीरशास्त्रातले मला काही कळत नाही. परंतु रुग्णालयात देयकाच्या खिडकीमागे ज्याने वर्षे काढली, त्याला माणसाचे एक अंग डॉक्टरांइतकेच जवळून दिसते. पैसा असताना माणूस कसा वागतो, पैसा नसताना कसा वागतो आणि दुसऱ्याकडे तो नाही हे कळल्यावर कसा वागतो, हे त्या खिडकीतून रोज दिसते. त्या अनुभवाच्या आधारे आज ‘अर्थार्जन करीत असताना पाय जमिनीवर कसे ठेवावेत आणि इतरांच्या उपयोगी कसे पडावे’ या विषयावर चार शब्द बोलण्याचे मी योजिले आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. पैसा मिळवणे कमीपणाचे आहे असे मी मानत नाही. मध्यमवर्गीय मराठी घरांत पैशाविषयी बोलताना आवाज खाली येतो, आणि श्रीमंत माणसाकडे आदराने पाहावे की संशयाने, याचा निर्णय आपण बराच काळ करू शकलेलो नाही. या संकोचाने कोणाचे भले झालेले नाही. ज्यांच्या घामाच्या पैशावर आपल्या रुग्णालयाच्या भिंती उभ्या राहिल्या, ते व्यापारी, अडते, कारखानदार आणि नोकरदार पैसा मिळवण्यात यशस्वी झाले नसते, तर आज हे सभागृह नसते आणि पलीकडचा जनरल वॉर्डही नसता. म्हणून विद्यार्थी मित्रांना माझे पहिले सांगणे हेच की, पैसा मिळवा, भरपूर मिळवा, आणि तो उजळ माथ्याने मिळवा. प्रश्न त्यापुढचा आहे. मिळालेल्या पैशाच्या जमाखर्चात दुसऱ्याचे नाव कोणत्या ओळीवर लिहायचे?

वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला शिकलेली एक गोष्ट येथे आठवण्याजोगी आहे. ताळेबंदात मालकाचे भांडवल देयतेच्या बाजूला लिहिले जाते. नव्या विद्यार्थ्याला याचे नवल वाटते. स्वतःचाच पैसा, मग तो देणे कसा? शिक्षक समजावून सांगतात की व्यवसाय आणि मालक हे हिशेबाच्या दृष्टीने वेगळे; व्यवसाय तो पैसा वापरतो, पण तो त्याचा नाही, कोणाचा तरी आहे. हा नियम माणसाच्या आयुष्याला लावून पाहिला तर त्याचा अर्थ फार खोल जातो. आपले शिक्षण, आपले आरोग्य, आपल्याला मिळालेली पहिली संधी, आपल्यावर विश्वास टाकणारा पहिला गिऱ्हाईक, हे सर्व आपल्या भांडवलात मोडते, आणि ते सर्व देयतेच्या बाजूलाच लिहावे लागते. हे ज्याच्या ध्यानात राहते त्याला नम्रपणा वेगळा शिकवावा लागत नाही.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येतो. हिशेबशास्त्रात दोन शब्द आहेत. एक, नफ्यावरचा भार, आणि दुसरा, नफ्याचा विनियोग. पगार, भाडे, घसारा, व्याज हे भार होत. नफा होवो वा तोटा होवो, ते आधी वजा होतात आणि मगच नफा ठरतो. लाभांश किंवा राखीव निधी हा विनियोग. नफा झाला तरच तो होतो, आणि नफा झाला नाही तर त्या ओळीवर शून्य येते. बहुतेक माणसांच्या घरच्या अंदाजपत्रकात दानधर्म हा विनियोग असतो. सर्व खर्च भागले, मुलांची शिक्षणे झाली, घराचे हप्ते फिटले, सहली झाल्या, आणि मग काही उरले तर त्यातून थोडे. आणि उरत मात्र कधी नाही. मिळकत वाढते तसतशा गरजाही वाढतात, हा अनुभव या सभागृहातील प्रत्येकाला आहे. दुचाकी असताना वाटते, चारचाकी आली की देऊ. चारचाकी आली की तिचा हप्ता आड येतो. यात कोणाची दुष्ट बुद्धी नाही. दानाची ओळ पानाच्या तळाशी लिहिली गेली, एवढीच चूक आहे.

या दोन पद्धतींतला फरक कायद्याच्या पुस्तकातूनही पाहता येतो, आणि तो प्रशासक म्हणून मला दरमहा पाहावा लागतो. आपल्या देशात ‘दोन टक्के’ हा आकडा दोन ठिकाणी येतो. पहिला, कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ मध्ये. १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी खर्च करणे आवश्यक झाले. दुसरा, धर्मादाय रुग्णालयांसाठीच्या योजनेत. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० (आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम) यातील कलम ४१ अअ च्या अनुषंगाने मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये एक योजना मंजूर केली आणि ती त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून अमलात आली. त्यानुसार आपल्यासारख्या रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. या दोन वर्गांखेरीज इतर रुग्णांच्या एकूण देयकाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधी या स्वतंत्र खात्यात जमा करावयाची असते.

दोन्ही ठिकाणी आकडा एकच, पण आधार वेगळा. एक निव्वळ नफ्यावर, दुसरा एकूण देयकावर. उदाहरणादाखल समजा, एका संस्थेची वर्षाची देयके १० कोटी रुपयांची झाली आणि सर्व खर्च वजा जाता ५० लाख उरले. नफ्यावरचे २ टक्के म्हणजे १ लाख रुपये. एकूण देयकावरचे २ टक्के म्हणजे २० लाख रुपये. आणि समजा, त्या वर्षी ५० लाख उरण्याऐवजी १० लाखांची तूट आली. तेव्हा केवळ त्या वर्षाच्या नफ्यावर मोजणाऱ्याच्या दानाच्या ओळीत शून्य पडेल. देयकावर मोजणाऱ्याला २० लाख बाजूला ठेवावेच लागतील. पहिला विनियोग आहे, दुसरा भार आहे. पहिल्यात गरिबाचा वाटा आपल्या यशावर अवलंबून असतो. दुसऱ्यात तो आपल्या यशाच्या आधीच ठरलेला असतो.

कोणी म्हणेल, हे तर कायद्याने लादले, यात पुण्य कसले? आक्षेप रास्त आहे. परंतु हा विचार कायद्याने नव्याने निर्माण केलेला नाही. आपल्याकडील व्यापाऱ्यांच्या वह्यांत ‘शुभ’ आणि ‘लाभ’ हे शब्द शेजारी शेजारी लिहिण्याची जशी चाल होती, तशीच मालाच्या बिलावर ‘धर्मादा’ म्हणून एक छोटी रक्कम लावण्याचीही चाल होती. ही रक्कम विक्रीबरोबरच वेगळी निघे आणि धर्मादाच्या खात्यावर जमा होई. पुढे ही रक्कम व्यापाऱ्याचे उत्पन्न आहे काय, असा वाद बिजली कॉटन मिल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने निर्णय दिला की, ती रक्कम मुळातच धर्मादायासाठी म्हणून घेतली गेली असल्याने ती व्यापारी उत्पन्न ठरत नाही. त्या निर्णयातील कायद्याचे बारकावे वकिलांसाठी सोडून देऊ. आपण घ्यायचा तो अर्थ इतकाच की, काही पैसा आपल्या हातातून जातो पण तो पहिल्या क्षणापासून आपला नसतो. ही जाणीव ज्या व्यापाऱ्याच्या वहीत होती, त्याला पाय जमिनीवर ठेवण्यासाठी प्रवचनाची आवश्यकता नव्हती. त्याची वहीच त्याला ते रोज सांगत असे.

इतिहासातील काही व्यक्तींकडे या दृष्टीने पाहू. जमशेटजी जीजीभाई यांचा जन्म १७८३ चा. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले, आणि वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास ते मुंबईत आले. रिकाम्या बाटल्यांच्या व्यवसायापासून सुरुवात करून चीनच्या सफरी करीत त्यांनी अफाट संपत्ती मिळवली. मुंबईत गोरगरिबांसाठी रुग्णालय व्हावे म्हणून त्यांनी १ लाख रुपये देऊ केले, आणि सरकारनेही तितकीच रक्कम घालावी अशी अट ठेवली. १८४५ मध्ये त्यांच्या नावाचे रुग्णालय सुरू झाले. एका दात्याने आपल्या दानाच्या बळावर शासनालाही आपल्या कर्तव्यात ओढावे, ही हिशेबी माणसाची दूरदृष्टी होय. परंतु येथे एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. त्या काळच्या चीन व्यापारात कापसाबरोबर अफूही होती, आणि जमशेटजींच्या संपत्तीत तिचा वाटा होता. त्यांच्या दानाने लाखो रुग्णांचे दुःख हलके झाले हे जितके खरे, तितकेच हेही खरे की, पैसा कोठे गेला एवढाच प्रश्न इतिहास विचारत नाही. तो कोठून आला हेही विचारतो. विद्यार्थी मित्रांनी हे दोन्ही प्रश्न लक्षात ठेवावेत. दान हे मिळकतीच्या शुद्धतेला पर्याय होऊ शकत नाही.

दुसरे उदाहरण प्रेमचंद रायचंद यांचे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात शेअरबाजाराचे वेड पसरले, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि प्रेमचंद त्या बाजाराचे अनभिषिक्त राजे झाले. याच भरभराटीत, १८६४ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि आईच्या नावे मनोऱ्यासाठी २ लाख रुपये दिले. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि कागदी संपत्तीचा डोलारा जमीनदोस्त झाला. प्रेमचंदही त्यातून सुटले नाहीत. परंतु १८७८ मध्ये राजाबाई मनोरा पूर्ण झाला आणि तो आजही उभा आहे. जे त्यांनी स्वतःकडे ठेवले होते त्यातील बहुतेक बुडाले, आणि जे दिले होते ते टिकले. तेजीचा काळ कायम राहील या समजुतीवर आयुष्य आखणाऱ्यांनी या मनोऱ्याकडे अधूनमधून मान वर करून पाहावे. देण्याची वेळ तेजीतच असते. मंदीत हेतू चांगला असला तरी हात रिकामा असतो.

तिसरे उदाहरण सर दोराबजी टाटा यांचे. १९२४ मध्ये जमशेदपूरचा पोलाद कारखाना आर्थिक संकटात सापडला, तेव्हा कामगारांचे पगार देता यावेत म्हणून त्यांनी आपली खाजगी संपत्ती बँकेकडे तारण ठेवली. त्यात त्यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचा प्रसिद्ध ‘जुबिली’ हिराही होता. कारखाना वाचला. १९३१ मध्ये मेहेरबाईंचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पुढील वर्षी, १९३२ मध्ये, स्वतःच्या मृत्यूपूर्वी दोराबजींनी आपली संपत्ती विश्वस्त निधीच्या हवाली केली. पुढे तो हिराही विकला गेला आणि त्याची रक्कम निधीत आली. या निधीतूनच परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्यात कर्करोगाचे निदान झाले की घरातील लोक ‘टाटाला नेऊ’ असे म्हणतात. एका माणसाच्या ताळेबंदातील देयतेची ओळ लोकांच्या रोजच्या बोलण्यात कशी उतरते, याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

या धनवंतांच्या रांगेत एका निर्धनाला बसवल्याशिवाय मात्र हे चित्र पूर्ण होत नाही. गाडगे महाराजांच्या हातातून धर्मशाळांसाठी, शाळांसाठी, घाटांसाठी मोठ्या रकमा गेल्या. अंगावर मात्र चिंध्या आणि हातात मडक्याचे खापर. मुंबईत दादर येथील त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करोगाच्या रुग्णांची व त्यांच्या नातेवाइकांची वर्षानुवर्षे निवासाची सोय होत आली आहे. टाटांच्या पैशाने औषधोपचार मिळावा आणि गाडगेबाबांच्या शब्दाने अंग टेकायला जागा मिळावी, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो. पैसा हातातून जावा, हाताला चिकटू नये, एवढीच त्यातील शिकवण.

आता आपल्या घराकडे, म्हणजे या रुग्णालयाकडे वळतो. जो प्रश्न व्यक्तीपुढे असतो तोच संस्थेपुढेही असतो. धर्मादाय रुग्णालय म्हणजे तोट्यात चालणारे रुग्णालय, असा एक गैरसमज आहे. विश्वस्त संस्थेच्या पत्रकात ‘नफा’ हा शब्द येत नाही, ‘आधिक्य’ येतो. परंतु आधिक्य नसेल तर जुने यंत्र बदलता येत नाही, चांगला शल्यचिकित्सक टिकत नाही, आणि परिचारिकांचे पगार लांबतात. ज्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या पुरवठादाराचे देणे थकले आहे, त्याची दया गरिबाच्या काय कामाची? म्हणून चांगले कमावणे हे आपलेही कर्तव्य आहे.

हे दोन्ही एकत्र साधता येते, हे मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने दाखवून दिले. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये त्यांनी अवघ्या ११ खाटांवर ते सुरू केले. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली होती, तरी त्याच बोटांनी त्यांनी हजारो शस्त्रक्रिया केल्या. पैसे भरू शकणाऱ्या रुग्णांच्या शुल्कातून न भरू शकणाऱ्यांचे उपचार करावेत, आणि दोन्हींकडे तेच डॉक्टर असावेत, हे तेथील सूत्र. डोळ्यात बसवायची भिंगे परदेशातून महाग पडतात असे दिसल्यावर १९९२ मध्ये त्यांनी ऑरोलॅब ही स्वतःची निर्मिती सुरू केली. त्यांच्या यशाचे मर्म केवळ दयाबुद्धीत नाही. वेळ वाया न घालवणे, खर्च काटेकोर ठेवणे, कामाची विभागणी नेमकी करणे, हे सारे वाणिज्याचे गुण त्यांनी दयेच्या सेवेला लावले.

आपल्याकडे या वर्षी याच स्वरूपाचा एक प्रश्न विश्वस्त मंडळापुढे आला. विशेष खोल्यांना मागणी वाढली आहे. तळमजल्यावरील जनरल वॉर्डचा काही भाग घेऊन तेथे वातानुकूलित खोल्या केल्यास उत्पन्नात चांगली भर पडेल, असा प्रस्ताव होता. तो स्वार्थी प्रस्ताव नव्हता. त्या उत्पन्नातून डायलिसिसची नवी यंत्रे घेता आली असती, आणि त्यांचा लाभ गरीब रुग्णांनाही झालाच असता. दुसरी बाजू अशी की, तळमजल्यावरचा वॉर्ड हा जिना न चढू शकणाऱ्या वृद्धांचा आणि बाहेर ओट्यावर थांबणाऱ्या नातेवाइकांच्या नजरेतला वॉर्ड आहे. खाट एकदा गेली की ती परत येत नाही, असा रुग्णालयांचा अनुभव सांगतो. मंडळात मोकळी चर्चा झाली आणि निर्णय झाला तो असा: जनरल वॉर्डच्या खाटांची संख्या हा आपल्यावरचा भार समजावा. ती कमी करून कोणतीही योजना आखू नये. विशेष खोल्या वरच्या मजल्यावर बांधाव्यात. त्या बांधकामाला अधिक खर्च येईल आणि वेळही लागेल, ही किंमत आपण जाणूनबुजून मान्य केली आहे. यंत्रांची खरेदी त्यामुळे लांबली आहे आणि त्यासाठीच आज देणगीदारांपुढे पुन्हा हात पसरण्याची वेळ आली आहे, हेही मी लपवू इच्छित नाही.

ही गोष्ट महत्त्वाची का, हे एका आकड्यावरून ध्यानात येईल. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांनी थेट खिशातून केलेला खर्च २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही सुधारणा मोठी आहे आणि शासकीय योजनांचा त्यात वाटा आहे. तरीही १०० रुपयांतील सुमारे ४० रुपये आजारी माणसाच्या घरातूनच येतात. त्या ४० रुपयांचा चेहरा आम्हाला खिडकीत दिसतो. कधी तो पाटल्या मोडून आलेल्या नोटांचा असतो, कधी बैल विकून आलेल्या, कधी तीन नातेवाइकांकडून उसन्या घेतलेल्या. अशा नोटा मोजताना हात जरा हळू चालतो, आणि तो तसा चालावा, अशीच माझी येथील तरुण सहकाऱ्यांकडून अपेक्षा आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट, पहिल्या पगारापासून दुसऱ्याचा वाटा वरच्या ओळीवर लिहा. तो किती असावा हे मी ठरवणार नाही. शंभरातील एक रुपया असला तरी चालेल, पण तो एकूण मिळकतीवर मोजा, उरलेल्यावर नको, आणि त्यासाठी वेगळे खाते ठेवा. पगार वाढला की तो आपोआप वाढेल, आणि पगार वाढल्याचा ताठा त्याच प्रमाणात कमी होईल.

दुसरी गोष्ट, स्वतःचे घर आधी सुरक्षित करा. आईवडिलांचा आरोग्यविमा, अडीअडचणीसाठी काही महिन्यांच्या खर्चाची पुंजी आणि डोक्यावर उधळपट्टीचे कर्ज नसणे, या तीन गोष्टी परोपकाराच्या विरोधात नाहीत, त्याच्या पाया आहेत. कर्ज काढून केलेले दान किंवा घरच्यांना उपाशी ठेवून मिळवलेली वाहवा फार काळ टिकत नाही. आपण कोणावर भार होणार नाही अशी व्यवस्था करणे, ही समाजाला केलेली पहिली मदत होय.

तिसरी गोष्ट, पैशाइतकेच आपले ज्ञान द्या. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी रुग्णांना सवलत मिळण्याचा हक्क असतो, पण तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला नसतो, शिधापत्रिकेवर नाव चुकलेले असते, आधार कार्डावर वेगळे असते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी कागद जुळवता जुळवता नातेवाइकांची दमछाक होते. आमचे समाजसेवा अधीक्षक आपल्या परीने झटतात, पण त्यांचे हात अपुरे पडतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला अर्ज भरणे म्हणजे डाव्या हातचा मळ. आठवड्यातून दोन तास कोणी या टेबलाशी बसला तर एका कुटुंबाचे कर्ज टळू शकते. यासाठी श्रीमंत होण्याची वाट पाहावी लागत नाही.

चौथी गोष्ट, देताना घेणाऱ्याची मान खाली जाऊ देऊ नका. मदत मिळालेल्या रुग्णाचे छायाचित्र आपण या अहवालात छापत नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. तो संकोच नाही, नियम आहे. निर्धन रुग्ण निधीतून उपचार घेणारा माणूस याचक नसतो. त्या निधीवर त्याचा कायद्याने हक्क आहे. हक्काची वस्तू उपकार म्हणून देणे हा हिशेबातला खोटेपणाच होय.

आणि शेवटची गोष्ट, अधूनमधून रांगेत उभे राहा. यश मिळाले की माणसाच्या आयुष्यातून सर्वप्रथम रांगा नाहीशा होतात. बँकेची रांग, दवाखान्याची रांग, एसटीची रांग. रांग गेली की तिच्यात उभा असलेला माणूसही नजरेआड होतो. आपले काही विश्वस्त वर्षातून काही दिवस बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर, कोणाला न सांगता, बसून जातात. पिण्याच्या पाण्याची व्यवस्था दुसऱ्या टोकाला का आहे, हा प्रश्न त्यातूनच पुढे आला आणि सुटला. कोणत्याही अहवालात तो आम्हाला दिसला नव्हता.

मित्रहो, यशस्वी माणूस कोणाला म्हणावे, याची व्याख्या करण्याची माझी पात्रता नाही. परंतु हिशेबनीस म्हणून इतके सांगू शकतो की, वर्षअखेरीला ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळाव्या लागतात. मालमत्तेची बाजू कितीही वाढली, तरी देयतेची बाजू लिहिल्यावाचून ताळेबंद पुरा होत नाही, आणि कोणताही लेखापरीक्षक त्यावर सही करीत नाही. आपल्यापैकी प्रत्येकाने ती बाजू आपल्या हाताने, आपल्या हयातीत आणि शक्यतो पहिल्याच पानावर लिहावी, एवढीच माझी विनंती आहे.

या वर्षभरात ज्यांनी पैशाने, श्रमाने, सल्ल्याने किंवा केवळ एका चांगल्या शब्दाने या रुग्णालयाला साहाय्य केले, त्या सर्वांचे संस्थेच्या वतीने मनःपूर्वक आभार मानतो. डायलिसिस यंत्रांसाठीचा निधी आजपासून खुला करण्यात येत आहे. त्याचे स्वतंत्र खाते असेल आणि त्याचा पैशापैशाचा हिशेब पुढील वार्षिक अहवालात आपणांसमोर ठेवला जाईल.